बारदानाचं पोतेरं

दसरा झाला की आमच्या नंदुरबारात दोन गोष्टी एकदमच हवेत उडायला लागतात. एक मिरचीचा खकाणा आणि दुसरी घराघरातली जळमटं. मिरचीचं व्यापाऱ्यांनी बघावं, जळमटांचं मी बघत होते. दिवाळीआधीची घरझाडणी, लग्नघराची धुणीपुसणी, भाडेकरू सोडून गेला की त्याची खोली खरवडून माणसात आणणं, हे काम मी अर्धं आयुष्य केलं. आता गुडघे खाली बसू देत नाहीत आणि बसले तर उठू देत नाहीत, म्हणून थांबले. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "छायाताई, पर्यावरणपूरक स्वच्छतेवर तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, "म्हणजे काय ते नीट मराठीत सांगा." ते म्हणाले, "घरात धुऊन पुन्हा वापरायच्या वस्तू घ्याव्यात की वापरून फेकायच्या, यातलं निसर्गाला बरं काय, ते." असं सांगा की! यावरून तर मी सासवा-सुनांची भांडणं सोडवली आहेत, आणि एक-दोन लावलीही आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साफसफाईला काय अक्कल लागते? झाडू घ्या नि हाणा. तसं नसतं हो. झाडझूड वरून खाली करायची असते, हे सुद्धा निम्म्या घरांना ठाऊक नसतं. आधी फरशी चकाचक करतात आणि मग पंखा पुसायला स्टुलावर चढतात. मग खाली उतरून पुन्हा फरशी, आणि वर नवऱ्याच्या नावानं शंख.

फडक्याफडक्यातही फरक असतो. सगळ्यात वरचा मान जुन्या सुती साडीला. नेसून नेसून, धुऊन धुऊन ती इतकी मऊ होते की देव्हाऱ्यातल्या मूर्तीपासून टीव्हीच्या काचेपर्यंत कशालाही चालते. बनियनचं कापड आरशाला. नायलॉनची साडी मात्र कितीही भारी असली तरी पुसायला शून्य. ती पाणी पीतच नाही, सरकारी कचेरीत फाइल ढकलतात तसं पाणी नुसतं इकडून तिकडं ढकलते. आणि अंगणाला, जिन्याला, शहाबादी फरशीला तागाचं बारदान. त्याचा धागा जाडा, चिखल धरून ठेवतो. बारदान चौपदरी शिवलं की झालं पोतेरं. वर्ष-दोन वर्षं हूं का चूं करत नाही.

पण फेकायच्या वस्तूंना मी सरसकट नावं ठेवणारी बाई नाही. घरात कुणाला उलटी-जुलाब झालेत, तिथं कागद घ्या, पुसा, बांधून टाका, हात धुवा. तिथं निसर्गप्रेम दाखवून तेच फडकं पुन्हा ओट्यावर फिरवाल तर सगळं घर आडवं होईल. आणि मे महिन्यात ज्या गल्लीत बायका टँकरची वाट बघत बसलेल्या असतात, तिथं "फडकी रोज गरम पाण्यात उकळा" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. धुऊन वापरायची वस्तू धुतली तरच चांगली. न धुतलेलं फडकं म्हणजे घाण एका खोलीतून दुसरीत पोचवायचं साधन.

हे एका निवृत्त साहेबांना कोण सांगणार? बँक कॉलनीत राहायचे. भाषण द्यायला लागले की थांबायचे नाहीत, पृथ्वी वाचवायची म्हणून घरात सगळं कापडी. कपाट उघडलं की फडक्यांची चळत, घड्या अशा कडक की वाटावं इस्त्री केलीय. मी एक उघडलं तर ती इस्त्री नव्हती, वाळलेली घाण होती. साहेबांना पुसलेलं फडकं धुवायची किळस यायची, म्हणून ते वापरून तसंच घडी घालून ठेवायचे. आणि मागच्या अंगणात दोरीवर काय वाळत होतं? वापरून फेकायचे पातळ हातमोजे! साबणानं धुऊन, चिमटे लावून, ओळीनं. गाईची आचळं लटकावीत तसे वाऱ्यावर हलत होते. मी म्हटलं, "साहेब, हे उलटं झालं. धुवायचं ते धुवा, फेकायचं ते फेका." तर मलाच म्हणतात, "मोजे अजून फाटले नाहीत." आता बोला!

तिकडं शहाद्याकडं ब्राह्मणपुरीच्या एका गुजर घरात सुनेनं स्वयंपाकघरात पुसायच्या कागदाचा रोल आणला होता. सासूबाई केळीच्या बागेतल्या कष्टाळू बाई. त्यांना ते कागद फेकणं बघवेना. त्या प्रत्येक कागद पिळून चुलीजवळ वाळत घालायच्या. सून सासूला म्हणे, "बा, फेकायचा असतो तो!" सासू म्हणे, "अजून कोरा आहे की एका बाजूनं." मला दोघींनी न्यायनिवाड्याला बसवलं. मी चहा पिऊन उठले. असल्या खटल्यात निकाल देणारा परत बोलावला जात नाही.

पण ज्या घराची गोष्ट सांगायला एवढी लांबण लावली ते घर प्रमिलाकाकूंचं.

काकूंचे यजमान आप्पा, मिरचीचे जुने व्यापारी. गावाबाहेर त्यांची पथारी होती, म्हणजे लाल मिरची पसरून वाळवायचं मैदान. मी पोरवयात त्याच पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायचे, तेव्हापासूनची ओळख. पुढं आप्पांनी धंदा आवरला, पण स्वभाव व्यापाऱ्याचाच राहिला. मुलगा हर्षल पुण्याला नोकरीला, सून सायली नाशिकची. नातू रांगायला लागला होता आणि अजून एकदाही नंदुरबारला आला नव्हता.

का नव्हता आला, तेही सांगते. बाळ वेळेआधी झालेलं, नाजूक. बारसं नाशिकला झालं. काकू हौसेनं गेल्या आणि पाळणा स्वच्छ असावा म्हणून कुणाला न विचारता फिनाईलच्या फडक्यानं सगळा पुसून काढला. आमच्या पिढीला फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, त्याला काय करणार? बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले. डॉक्टर, मलम, धावपळ. सायली एक शब्द वाकडा बोलली नाही. पण त्यानंतर काकूंनी हात पुढं केले की ती हळूच म्हणायची, "आत्ताच झोपलाय, आई," नाहीतर "भूक लागलीय त्याला." काकू काय समजायचं ते समजल्या. नातू झाला होता, पण मांडीवर आला नव्हता.

आणि त्या वर्षी हर्षल-सायलीचा फोन आला. दिवाळीला येतो म्हणाले. पाडव्यापर्यंत राहू, मग भाऊबीजेला नाशिक. सायलीनं फक्त एवढंच सांगितलं की घरात उग्र वासाचं काही नको, फिनाईल नको, फवारे नकोत, आणि ते वापरून फेकायचं ओलं सुगंधी कापड तर नकोच, त्यानं बाळालाही त्रास आणि कचरापेटीलाही.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "छाया, मन्ही वहू यी ऱ्हायनी, नातूले लिसन. घर असं कर, तिले नाव ठेवाले जागा नको." बोलता बोलता त्यांनी माझा हात असा धरला की मला कळलं, ही नुसती घरझाडणी नाही. ही बाईची परीक्षा आहे, आणि पेपर मला सोडवायचाय.

मी आणि रंजना कामाला लागलो. रंजना माझी जोडीदारीण, नवापूरच्या डोंगरातली, उंच आणि काटक. छत, पंखे, खिडक्या तिच्याकडं आणि जमीन माझ्याकडं, अशी आमची वाटणी. आम्ही गेलो तर अंगणात ढीग! प्लॅस्टिकचे झाडू, धडक्या बादल्या, घासण्या, अर्धी फिनाईलची बाटली, सगळं बाहेर काढून ठेवलेलं.

"हे काय काकू?"

"फेकी दे. प्लॅस्टिक नको ना तिले!"

"अहो, बादलीला अजून भोकसुद्धा पडलं नाही. धडधाकट वस्तू फेकून दुसरी विकत आणायची, हे कसलं निसर्गाचं भलं? जी आहे ती मरेपर्यंत वापरा, मग नवी चांगली घ्या."

काकूंना पटेना. वर झाडू फेकावा कसा, हाही प्रश्न उभा राहिला. झाडू म्हणजे लक्ष्मी, दिवाळीच्या तोंडावर घराबाहेर कसा काढायचा? आप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "प्लॅस्टिकच्या झाडूत लक्ष्मी ऱ्हास का नही, ते पहिलं भटजीले इचार." शेवटी मी झाडू-बादल्या परत मोरीत ठेवल्या. फिनाईलची बाटली मी नेली. ओळखीच्या मंगल कार्यालयाच्या संडासाला तिचा उपयोग होता, नाहीतर काकू ती गटारात ओतून मोकळ्या झाल्या असत्या.

पण काकूंनी तोवर शेजारच्या मुलीकडून फोनवर काहीबाही मागवून ठेवलं होतं. एक खोकं आलं. त्यात दुसरं खोकं, त्यात फुगे असलेलं प्लॅस्टिक, त्यात पिशवी, त्या पिशवीत आणखी एक पिशवी, आणि तिच्या पोटात बांबूच्या दांड्याचा एक ब्रश. ब्रशवर लिहिलेलं, निसर्गाचा मित्र. म्हटलं, निसर्गा, बाबा रे, तुझा मित्र बरीच वस्त्रं घालून आलाय! आमच्या बाजारात शिंदीच्या पानांचे झाडू घेऊन बाया रस्त्यावर बसलेल्या असतात, सुतळीशिवाय त्यांना काही गुंडाळलेलं नसतं, ते कुणाला दिसत नाहीत. आप्पांनी मात्र त्या खोक्याचं सोनं केलं. फुग्यांचं प्लॅस्टिक मांडीवर घेऊन दुपारभर एकेक फुगा फोडत बसले. टप्, टप्, टप्. काकू ओरडल्या की थोडा वेळ थांबायचे, की पुन्हा टप्.

मग मी साधी मांडणी केली. भांड्यांना नारळाची शेंडी आणि राख. पितळेला चिंच. काचेला जुनी बनियन. फर्निचरला काकूंची जुनी सुती साडी, तिचे मी हातरुमालाएवढे तुकडे केले आणि कडा शिवून घेतल्या. फरशीला नुसतं पाणी. आता प्रश्न उरला पोतेऱ्याचा. घर मोठं, जुनी पोतेरी फिनाईलनं माखलेली.

आप्पा उठले. माळ्यावरून बारदानांचा गठ्ठा ओढून माझ्यापुढं टाकला आणि एखादा दागिना काढून द्यावा तसं म्हणाले, "हाई ले. फुकटनं शे. धोई टाक, वाळाड, वापर. यालेच तं पर्यावरण म्हनतस ना?"

मी खूश. तागाचं जुनं बारदान, यापेक्षा चांगलं ते काय? काकूंनी स्वतः बसून ते धुतलं. मी कुणाला हात लावू देत नव्हते तरी त्या म्हणाल्या, "मन्हा नातू रांगाव शे त्या फरशीवर, मालेच धुऊ दे." हौदाच्या पाण्यात भिजवलं, आपटलं, पिळलं, गच्चीवर वाळवलं. सुईदोरा घेऊन चौपदरी पोतेरी पण त्यांनीच शिवली. इतकी देखणी पोतेरी मी जन्मात पाहिली नव्हती. रंजना तेवढी दोन दिवस शिंकत होती. "ताई, माझं नाक लय वाहतंय." म्हटलं, "जळमटं काढतेस, धूळ असणारच. तोंडाला फडकं बांध."

धनत्रयोदशीला दुपारी मंडळी येणार होती. फिनाईल नाही तर निदान पाणी तरी कढत हवं, असं काकूंचं म्हणणं. मोठं पातेलं चढवलं, त्यात लिंबाच्या साली टाकल्या आणि त्या वाफाळत्या पाण्यात पोतेरं बुडवून मी अख्खं घर शेवटचं पुसून काढलं. काकू माझ्या मागोमाग दुसरं पोतेरं घेऊन कोपरे टिपत होत्या. घर असं झालं की आप्पासुद्धा चपला हातात घेऊन चालले. वास म्हणाल तर काही नाही, जरासा लिंबाचा. काकूंनी नवं पातळ नेसलं आणि दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या राहिल्या.

गाडी आली. काकूंनी तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सायली बाळाला कडेवर घेऊन हसत आत आली, "आई, काय सुंदर ठेवलंय घर!" म्हणाली, आणि शिंकली. पुन्हा शिंकली. मागून हर्षल खोकायला लागला. बाळानं एक छोटी शिंक दिली, डोळे चोळले आणि तोंड वाकडं करून जे रडायला लागलं, की विचारू नका.

सायली तशीच मागं फिरून घराबाहेरच्या ओट्यावर गेली. काकू धावल्या, हात पुढं केले, "दे माले, मी फिरवस त्याले." सायलीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. नकळत घेतलं असेल, पण काकूंचे हात तसेच हवेत राहिले.

"आई," सायली शांत आवाजात म्हणाली, "मी एकच गोष्ट सांगितली होती. फिनाईल टाकलंत ना?"

"नही व, बेटा. मी काही नही टाकं. नुस्तं पानी शे. पानी अन् फडकं."

"मग हे काय आहे?"

हर्षल म्हणाला, "अगं, मिरचीचा सीझन आहे, गावभर हवेतच असतं."

"बाहेर तर काहीच होत नाहीये," ती म्हणाली. "बाळ बघ, ओट्यावर आल्या आल्या गप्प झालं. आत गेलं कीच होतं. म्हणजे आतच काहीतरी आहे." तिचं बरोबर होतं.

मग हर्षल आईकडं वळून म्हणाला, "आई, खरं सांग. आम्ही रागावणार नाही." मला त्या पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अरे, आई आहे ती तुझी! काकू नुसत्या मान हलवत आत गेल्या. सायली नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "मला भांडायचं नाहीये. पण बाळाला इथं रात्री झोपवायची माझी हिंमत नाही. आत्ता निघालो तर वेळेत नाशिकला पोचू." हर्षल गाडीकडं बघायला लागला. आप्पा झोपाळा थांबवून बसले.

मी पदर खोचला. म्हटलं, "ताई, जायचं तर जा. पण हे घर मी पुसलंय, तुमच्या सासूबाईंनी नाही. आरोप करायचा तर माझ्यावर करा. आणि आधी आत येऊन बघा. फिनाईलचा थेंब सापडला तर मी हा धंदा सोडते."

सायलीनं बाळ हर्षलकडं दिलं, ओढणी नाकाला लावली आणि आत आली. पोरगी पक्की. मोरी बघितली, कपाटं उघडली, बादल्यांचा वास घेतला. राख, चिंच, लिंबाच्या साली. शिंकत होती, डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण शोधायची थांबली नाही. शेवटी मला म्हणाली, "फरशी कशानं पुसलीत? ते दाखवा."

मी अभिमानानं पोतेरं पुढं केलं. "हे बघा. धुऊन वापरायचं, हातानं शिवलेलं, फेकायचं नाव नाही."

तिनं ते नाकाशी नेलं. मग ती किती शिंकली ते मी मोजलं नाही, पण पोतेरं तिच्या हातातून उडून पार देव्हाऱ्यापाशी पडलं. जरा दम घेऊन तिनं विचारलं, "हे कापड कसलं आहे?"

"बारदान."

"कशाचं बारदान?"

झोपाळ्यावरून आप्पांचा आवाज आला. छाती काढून. "मिरचीनं! आपलं घरनं!"

सायली माझ्याकडं, मी पोतेऱ्याकडं, आप्पा आम्हा दोघींकडं बघतायत. वर्षानुवर्षं मिरची भरलेलं ते बारदान साध्या पाण्यानं धुऊन स्वच्छ झालं असं आम्ही समजलो, आणि वर कढत पाण्यात बुडवून त्याचा जाळ घरभर सारवला. आणि आमच्यातल्या एकालाही काही कळलं नाही! देठ खुडून खुडून माझे हात नि नाक दोन्ही बोथट, आप्पांचं नाक पथारीवरच मेलेलं, काकूंचं काय सांगावं? ज्या बिचाऱ्या रंजनाचं नाक शाबूत होतं, तिला मी तोंड बांधायला लावलं. सायलीला हसू फुटलं. शिंकता शिंकता हसायला लागली, हसता हसता भिंतीला टेकली. "म्हणजे तुम्ही... मिरचीनं... घर पुसलंत?"

आता मीही हसायला लागले. आप्पा तेवढे म्हणत होते, "धोयेल व्हतं ना पन!"

तेवढ्यात सायलीला स्वयंपाकघराच्या दारात काकू दिसल्या. पदरानं डोळे पुसत होत्या. सायली हसतच त्यांच्याकडं गेली. "अहो आई, बघा, तुम्हालाही झोंबलं ना! चला बाहेर."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना नाही झोंबत, ताई. लग्न होऊन आल्यापासून त्या मिरचीतच आहेत. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी आलेलं मी पाहिलं नाही."

सायलीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिचे डोळे लाल, काकूंचेही लाल. दोघी समोरासमोर उभ्या.

"आई, तुम्ही खरं सांगत होता," ती म्हणाली. "पाणी आणि फडकंच होतं. मी ऐकलं नाही तुमचं. चुकलं माझं."

"तुन्हं काय चुकनं व," काकू म्हणाल्या. "पहिले एकदाव मीच चुकी गयतू ना, म्हनीसन तुले तसं वाटनं." आणि मग त्यांना एकाएकी काहीतरी आठवलं. त्यांनी आपले हात बघितले आणि झटकन पदराखाली दडवले. "माय व! मन्हा हातले बी लागेल शे. त्याले मन्हाकडे नको देऊ. बाहेरच ऱ्हाऊ दे त्याले."

एवढं बोलताना त्या बाईचा चेहरा जो झाला, तो मला आजही आठवतो. इतके महिने सून देत नव्हती. आता सून द्यायला निघाली तर यांनीच हात मागं घेतले.

मी खिडक्या उघडायला लागले. सायली गाडीकडं गेली आणि बाळाच्या पिशवीतून ओल्या पुसण्यांचं पाकीट घेऊन आली. वापरून फेकायच्या! माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली, "बिनवासाच्या आहेत. प्रवासात लागतात हो." म्हटलं, "लागतातच. आज तर नक्कीच. मिरची पुसलेलं काही पुन्हा वापरायचं नाही, सगळं बांधून टाकायचं." मग कुठं मिरची उरली ते रंजनाच्याच नाकाला कळणार म्हणून तिला तोंडावरचं फडकं सोडायला लावलं, तिची माफी मागितली, आणि आम्ही दोघींनी आधी त्या पुसण्यांनी, मग रद्दी कागदानं, मग साबणाच्या गार पाण्यानं आणि काकूंच्या साडीच्या तुकड्यांनी सगळं घर पुन्हा पुसलं. आप्पांची बारदानं बांधून बाहेर गेली. आप्पा दारापर्यंत त्यांना पोचवायला आले होते.

पण त्या गडबडीत मी एक डोळा स्वयंपाकघराकडं ठेवला होता. तिथं सायली जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि काकूंचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले होते. मिरची पाण्यानं जात नाही, तेलानं जाते, हे तिला ठाऊक होतं. तिनं वाटीत गोडं तेल घेतलं आणि काकूंच्या बोटाबोटांना, नखांच्या कडांना, बांगड्यांच्या खाली चोळलं. कागदानं टिपलं. मग दही लावलं. मग साबण. पुन्हा तेल. काकू अवघडून बसलेल्या, "पुरे व, पुरे," म्हणत होत्या. सुनेकडून असे हात धुऊन घ्यायची त्यांना सवय नव्हती. सायली ऐकत नव्हती.

शेवटी तिनं काकूंचं एक बोट धरलं आणि आपल्या डोळ्याच्या कडेला टेकवलं. तसंच धरून ठेवलं. काकू श्वास रोखून. मीही हातातलं काम थांबवलं. मग दुसऱ्या हाताचं बोट. डोळा मिटला, उघडला.

"नाही झोंबत," सायली म्हणाली. उठली, बाहेर गेली, हर्षलकडून बाळ घेतलं आणि आणून काकूंच्या मांडीवर ठेवलं.

पोरानं आजीकडं बघितलं. आजीच्या बांगड्या धरल्या. आणि मग शांतपणे, डोळ्याचं पातं न लवता, आजीच्या नव्याकोऱ्या पातळावर धार सोडली. सायली "अगं बाई!" म्हणून धावली. कापडी लंगोट होता, धुऊन वापरायचा, आणि तो काही थांबवेना. पातळावरून ओघळ खाली, माझ्या दुसऱ्यांदा पुसलेल्या फरशीवर. मी फडकं घेऊन वाकले.

काकूंनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे व, छाया. आते नको पुसू."